शीड उभारा, लोणारकर!

समुद्र कुठं आणि लोणार कुठं! मुंबईचा किनारा इथून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास. ना भरती, ना ओहोटी, ना चौपाटीवरची भेळ. तरीही आज आपण याच विवराच्या काठावरून निर्जन बेटांच्या सफरीला निघतोय. तेही शिडाच्या बोटीतून! इंजिन बंद, वारा चालू. सावरून बसा, राजेहो.

माहीत आहे का, लोणारच्या विवराचा व्यास किती? सुमारे १.८३ किलोमीटर. आणि दर्यावर्दींचा एक सागरी मैल, म्हणजे नॉटिकल मैल? १.८५२ किलोमीटर. फरक जेमतेम वीस-बावीस मीटरचा! आकाशातून उल्का आली आणि काळ्या बेसॉल्टमध्ये आपल्यासाठी चक्क सागरी मैल कोरून गेली. या काठावरून त्या काठाकडं पाहा. झालं, एक मैल पाहून झाला.

म्हणून आजच्या प्रवासापुरतं आपलं माप ठरलं: एक मैल म्हणजे एक लोणार.

बोटीचा वेग मोजतात ‘नॉट’मध्ये. नॉट म्हणजे गाठ! जुन्या गलबतांवर ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी असायची. तिच्या टोकाचं फळकूट पाण्यात टाकायचं, वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. वेगाची आणि गाठीची गाठ पडली ती अशी. एक नॉट म्हणजे तासाला एक मैल, अर्थात तासाला एक लोणार.

तुमचा स्वतःचा वेग किती नॉट, माहीत आहे का? ताशी पाच किलोमीटरनं चालत असाल तर २.७ नॉट. आणि आरामात सफर करणारी शिडाची बोट? साधारण सहा नॉट, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. शाळेला उशीर झालेला पोरगा सायकलवरून तिला सहज मागं टाकेल! पण पोरगा रात्री झोपतो, बोट झोपत नाही. दिवस-रात्र मिळून चोवीस तासांत १४४ लोणार, म्हणजे अडीचशे किलोमीटरहून जास्त, डिझेलचा एक थेंबही न जाळता.

चला, पहिली सफर. काठावर उभं राहायचं, पश्चिमेकडं तोंड करायचं आणि नाकासमोर निघायचं. किनारा कुठं लागेल? डहाणूला! लोणार आणि डहाणू दोन्ही जवळपास १९ अंश ५८ मिनिटं अक्षांशावर. चिकूच्या वाड्या ओलांडून तसंच पुढं गेलं की अख्खा अरबी समुद्र, आणि पलीकडं ओमानचं मसिरा बेट थोडं उजव्या हाताला राहतं. मसिरा म्हणजे खरंखुरं वाळवंटी बेट. पाऊस नावापुरता, पण लॉगरहेड जातीची समुद्री कासवं अंडी घालायला हजारोंनी याच वाळूत येतात.

आता पूर्वेकडं तोंड केलं तर? याच अक्षांशावर पॅसिफिकच्या मधोमध हवाईचं मोठं बेट. खडक कोणता? बेसॉल्ट. लोणारचा पाहुणा तिथं उतरला तर दगडात घरची ओळख सापडेल.

पण खरा धमाका दक्षिणेला आहे. इथं जरा नांगर टाकू या.

लोणारचे रेखांश साधारण साडेशहात्तर पूर्व. नाकासमोर दक्षिणेला निघालात की केरळात कोल्लमच्या जरा वर जमीन संपते. मग काय लागतं? पाणी. मग? पाणीच. मालदीव उजवीकडं दूर राहिले, विषुववृत्त गेलं, मकरवृत्त गेलं, तरी पाणी. सुमारे साडेतीन हजार लोणार पार केल्यावर, वाटेपासून पन्नासेक मैलांवर डाव्या हाताला एक काळा कडा वर येतो. हे सँ-पॉल बेट. फ्रान्सच्या ताब्यातलं, कायमची वस्ती शून्य. आणि या बेटाचं वैशिष्ट्य काय, माहीत आहे का? विवर!

सँ-पॉल म्हणजे ज्वालामुखीचं तोंड. त्याच्या गोल भिंतीची एक बाजू ढासळली आणि समुद्र आत शिरला. चहूबाजूंना उभे कडे, मधे शांत गोल पाणी, ये-जा करायला एक अरुंद फट. लहान बोट त्या फटीतून थेट विवराच्या पोटात जाते. लोणारचं विवर उल्केनं केलेलं, हे ज्वालामुखीचं. कूळ वेगळं, पण दोघं जवळपास एकाच रेखावृत्तावर आणि दोघांच्याही पोटात खारं पाणी. आपल्या काठावरची रहिवासी मंडळी मोर आणि वानरं, त्यांच्या काठावरची पेंग्विन.

सँ-पॉलच्या उत्तरेला पन्नासेक मैलांवर ॲमस्टरडॅम बेट. नाव ओळखीचं वाटतंय? सप्टेंबर २०१८ मध्ये भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी ‘गोल्डन ग्लोब’ या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत बोटीवर एकटेच होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळानं त्यांची ‘तुरिया’ उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजानं त्यांना उचललं आणि नेलं ते याच ॲमस्टरडॅम बेटावर. इतक्या अफाट पाण्यात उपचार मिळाले ते एका ठिपक्याएवढ्या बेटावर. आणि पुढं? २०२२ च्या शर्यतीत हेच टॉमी पुन्हा उतरले आणि दुसरे आले! ही ओळ लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

एकट्यानं जगप्रदक्षिणेचा पहिला भारतीय मान मात्र मराठी नावाला: कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. वाटेत थांबे फक्त चार. बोटीचं नाव ‘म्हादेई’. गोव्यातल्या मांडवीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात, त्या नदीचं नाव. आणि बोट बांधली कुठं? त्याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत. लांबी फक्त ५६ फूट.

शिडाच्या जगप्रदक्षिणेला किमान किती मैल हवेत, माहीत आहे का? २१,६००. हा विचित्र आकडा आला कुठून? पृथ्वीचे अंश ३६०, प्रत्येक अंशाची मिनिटं ६०, आणि विषुववृत्तावर एका मिनिटाचं अंतर म्हणजे एक सागरी मैल. ३६० गुणिले ६०. भूमितीच्या तासाला झोपलेल्यांनी आता जागं व्हायला हरकत नाही! दोंदे एकवीस हजार सहाशेहून जास्त लोणार कापून आले.

त्यांच्या चार थांब्यांपैकी एक न्यूझीलंडचं लिटलटन बंदर. ते बंदरही एका विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात आहे. विवरांनी आज पाठच सोडायची नाही असं ठरवलेलं दिसतंय.

आता हवा. शिडाच्या बोटीची सगळी कहाणी हवेतच तर आहे!

शीड असलं म्हणजे वारा नेईल तिकडं जायचं, असं वाटतं ना? मुळीच नाही. चांगली बोट वाऱ्याच्या विरुद्धही जाते, फक्त सरळ जात नाही. वाऱ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन धरून कधी डावीकडं, कधी उजवीकडं, अशी नागमोडी चाल. एक लोणार पुढं सरकायला पाणी कापावं लागतं जवळपास दीड लोणार. शीड इथं विमानाच्या पंखासारखं काम करतं. वारा आडवा असेल तर हलकी शर्यतीची बोट वाऱ्यापेक्षाही जोरात पळते. होय, वाऱ्यापेक्षा!

भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? पाच मार्कांचा हमखास प्रश्न! कोकणातल्या कोळ्यांचं ते टाइमटेबल होतं. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडं सुटतो, तो मतलई. तांडेल पहाटेच्या अंधारात शीड उभारायचा आणि हा वारा होडी फुकटात बाहेर न्यायचा. दुपारी जमीन तापली की वारा उलटा फिरतो, समुद्राकडून जमिनीकडं, तो खारा. मासळी भरलेली होडी त्याच्यावर घरी. जायचं तिकीट मतलईचं, यायचं खाऱ्याचं.

वर्षाचं घड्याळ त्याहून मोठं. हिवाळ्यात वारे ईशान्येचे, पावसाळ्यात नैर्ऋत्येचे. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ऋतू. त्यावरून आपला मोसम, आणि पोर्तुगिजांच्या तोंडून गेलेला तोच शब्द इंग्रजांचा ‘मान्सून’. शब्दांच्या बंदरात आयात-निर्यात दोन्ही चालते, बरं का! आपली ‘डिंगी’ इंग्रजीत ‘डिंघी’ झाली आणि तमिळ ‘कट्टुमरम’ची ‘कॅटामरान’.

आणि हा नैर्ऋत्येचा वारा लोणारला येतो कुठून, माहीत आहे का? आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून, सोमालियाला वळसा घालून, अख्खा अरबी समुद्र पार करून. याच वाऱ्याच्या जोरापुढं सोकोत्रा बेट पावसाळ्यात कित्येक शतकं जगापासून तुटायचं. बोट लागणंच अशक्य. तोच वारा ओमानच्या दक्षिण किनाऱ्यावर धुकं आणतो, कोकणातल्या होड्या वाळूवर ओढायला लावतो, सह्याद्रीवर कोसळतो, आणि उरलासुरला ओलावा घेऊन जूनमध्ये आपल्या सोयाबीनच्या शेतावर येतो. पेरणीसाठी आभाळाकडं पाहणारा शेतकरी आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहणारा नाखवा एकाच वाऱ्याकडं डोळे लावून असतात. एकाला तो यायला हवा असतो, दुसऱ्याला जायला.

सोकोत्राचं नाव निघालंच आहे तर ऐका! तिथल्या होक नावाच्या गुहेत ब्राह्मी लिपीतले लेख सापडले. सुमारे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भारतीय नाविकांनी आणि व्यापाऱ्यांनी आपली नावं भिंतीवर लिहून ठेवली होती, त्यांत भडोचचे लोक होते, आणि जहाजांची चित्रंही काढली होती. ‘आम्ही इथं येऊन गेलो’, बस्स, एवढंच! पण गुहेच्या अंधारात, परक्या बेटावर लिहिलेलं.

वाऱ्याला नंबर देणारा माणूस फ्रान्सिस ब्यूफोर्ट. साल १८०५. शून्य म्हणजे पान हलत नाही, बारा म्हणजे कुठलंच शीड टिकत नाही. त्याचं मूळ माप वेगाचं नव्हतंच. अमुक वाऱ्यात जहाजावर किती शिडं ठेवता येतात, यावर तो नंबर ठरवायचा. शीड हेच मीटर!

जून २०२० विसरणं शक्य आहे का? ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. आणि आठवड्याभरात इकडं लोणारचं पाणी गुलाबी! दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. सरोवराची पातळी घटली, खारटपणा वाढला आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांनी आपला गुलाबी रंग दाखवला; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचा छडा लावला. त्याच वर्षी लोणार ‘रामसर’ पाणथळ स्थळ झालं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. म्हणून एक प्रेमाची विनंती: शीड वगैरे सगळं मनातल्या मनात. हे पाणी पक्ष्यांचं आहे, त्यात बोट नको. काठावरून पाहायला ते पुरेसं सुंदर आहे.

आता आपल्या घरच्या बेटांकडं. खांदेरी! अलिबागजवळच्या थळसमोर, मुंबई बंदराच्या तोंडाशी बसलेलं छोटंसं खडकाळ बेट. १६७९ मध्ये पाऊस ओसरताना शिवाजी महाराजांनी तिथं तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. मोठमोठी जहाजं आणून त्यांनी बेटाला वेढा घातला. मग मराठ्यांनी काय केलं, माहीत आहे का?

वारा पडायची वाट पाहिली.

मोठं जहाज वाऱ्याशिवाय लाकडाचा ओंडका. मराठ्यांची गलबतं लहान, उथळ, शीडही आणि वल्हीही. वारा पडला, अंधार झाला की ती वल्ह्यांवर सरसर सुटायची आणि इंग्रजांच्या नाकाखालून बेटावर रसद पोचवायची. वारा उठला की खाडीत पसार! ऑक्टोबरमधल्या लढाईत इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं गुराब मराठ्यांच्या हाती लागलं. दौलतखान आणि मायनाक भंडारी ही त्या आरमारातली नावं. बदलत्या हवेला शत्रू न मानता तिलाच आपल्या ताफ्यात भरती करून घेणं, ही माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात भारी चाल. खांदेरी मराठ्यांकडंच राहिली. मग सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली, आणि हाकेच्या अंतरावरची दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. खांदेरी-उंदेरी, नावाचं यमक जुळलं, बाकी काहीच नाही!

‘गुराब’ म्हणजे काय, माहीत आहे का? अरबीत कावळा. आंग्र्यांच्या आरमारात मोठी जहाजं गुराबं आणि चपळ जहाजं गलबतं. कावळा समुद्रावर काव-काव न करता थेट तोफच डागायचा.

आज खांदेरीवर जुनं दीपगृह आहे, कोळ्यांचा वेताळ आहे आणि ठोकला की धातूसारखा खणखणणारा एक दगडही आहे. नौदलाच्या पाणबुडीला नाव ‘खांदेरी’. आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. खांदेरी इज ट्रेंडिंग, बॉस!

बेटावर सगळ्यात महाग काय? सोनं नाही, गोडं पाणी. मालवणच्या कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गात तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारट समुद्र आणि पोहऱ्यात गोडं पाणी! लहान सपाट बेटांवर हे घडतं कसं? पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, हलकं असल्यामुळं खाऱ्या पाण्यावर तरंगतं. अंदाजी गणित असं, की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडंच. लक्षद्वीपची माणसं पिढ्यान्‌पिढ्या असल्याच पाण्यावर जगली. लक्षद्वीपची बेटं किती? ३६. वस्ती किती बेटांवर? फक्त १०!

आणि लोणार? खाऱ्या सरोवराच्या वरच्या अंगाला गोमुखाची गोडी धार. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर, जिचं अर्धं पाणी गोड आणि अर्धं खारट, असं लोक सांगतात. कोण गोड आणि कोण खारट, ते ज्याच्या-त्याच्या घरी ठरवा!

वेंगुर्ल्याच्या समुद्रात एक बेटांचा पुंजका आहे, तिथल्या गुहेत पाकोळ्या राहतात. त्या घरटं बांधतात थुंकीनं! अंधारात वाट शोधतात टकटक आवाजाच्या प्रतिध्वनीवरून, वटवाघळासारखी. चिनी सूपसाठी या घरट्यांची चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं त्यांच्या रक्षणासाठी काम केलं. शाब्बास!

जगातली सगळ्यात एकाकी जागा कोणती? पॅसिफिकमधला पॉइंट निमो. सगळ्यात जवळची जमीन २,६८८ किलोमीटरवर, तीन दिशांना तीन बेटं, आणि तिन्ही निर्जन! ‘निमो’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘कुणीही नाही’. जानेवारी २०२५ मध्ये तिथं कुणीतरी पोचलं: नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए., दोघीच, ‘तारिणी’ बोटीतून. ही बोटही गोव्याचीच, ‘म्हादेई’ची धाकटी बहीण. आठ महिन्यांची प्रदक्षिणा करून दोघी २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या.

आता जवळ या, एक खास लोकल बातमी. समुद्रापासून इतक्या आत, आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी, दीड हजार वर्षांपासून एक जहाज उभं आहे! अजिंठ्याची लेणी क्रमांक दोन, भिंतीवर शिडाचं जहाज. गोष्ट पूर्णाची, तो सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. चंदन आणायला गेलेल्या भावाचं जहाज वादळात सापडतं आणि पूर्ण त्याला वाचवतो. चंचल हवेचा हा आपल्याकडचा जुना रंगीत रिपोर्ट!

आणि ते जहाज भिंतीवरून उतरलं. खरंच! अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात नवं जहाज बांधलं, ‘कौंडिण्य’. फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, इंजिन नाही, शिडं चौकोनी. मे २०२५ मध्ये ते नौदलात आलं. डिसेंबरच्या २९ तारखेला, ईशान्येचे वारे पाठीशी घेऊन, पोरबंदरहून मस्कतकडं निघालं. तेच जुनं मोसमाचं घड्याळ!

शेवटचा मासा सगळ्यात मोठा. एकट्यानं, कुठंही न थांबता जगप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली बोट कुठं बांधली होती, माहीत आहे का? मुंबईत! सागवानी लाकडाची, ३२ फुटांची ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन १४ जून १९६८ ला इंग्लंडातल्या फाल्मथहून निघाले आणि ३१२ दिवसांनी परतले. ही नऊ जणांची शर्यत होती. पूर्ण केली एकट्या सुहैलीनं. वाटेत टाकीतलं गोडं पाणी नासलं, तर पठ्ठ्यानं शिडावरून ओघळणारा पाऊस भांड्यात धरून प्यायला.

‘सुहैली’ हे आखाती नाविकांनी आग्नेयेच्या वाऱ्याला दिलेलं नाव. आणि अरबीत ‘सुहैल’ म्हणजे एक तारा. आपण त्याला काय म्हणतो? अगस्त्य! समुद्र पिऊन टाकणारे ऋषी तेच.

फाल्मथहून हा तारा कधीच दिसत नाही; तिथल्या क्षितिजावर तो येतच नाही. लोणारहून दिसतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊ वाजता दक्षिणेकडं तोंड करून उभं राहा. हात लांब करा, मूठ वळा, क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजा. दुसऱ्या मुठीच्या आतच एक ठळक पांढरा तारा लुकलुकताना दिसेल. सँ-पॉलची वाटही त्याच दिशेला आहे.